कॉफीच्या भांड्याची निगा

भांड्यांवरून घराची परीक्षा करण्याची रीत कोंकणांत जुनी आहे. पेण आणि रोहा या दोन गांवांतील जुन्या घरांत अजूनहि फळीवर पितळी डबे, तांब्याच्या घागरी आणि कल्हई केलेलीं पातेलीं ओळीनें मांडलेलीं दिसतात, आणि तीं लख्ख ठेवण्याची विद्या सासूकडून सुनेकडे चालत आलेली असते. या विद्येला लागणारी सामग्री थोडी. चुलींतली राख, चिंचेचा कोळ, आमसुलें आणि नारळाची शेंडी एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम भागलें. भातगिरणी जवळ असली म्हणजे तुसाच्या राखेचीहि वाण पडत नाहीं, आणि पेण तर पोह्यांचेंच गांव.

अलीकडे त्याच फळीवर एक नवें भांडें येऊन बसूं लागलें आहे. अष्टकोनी, कमरेंत बारीक, चकचकीत पांढरें. इटालियन लोक त्याला मोका म्हणतात. मुंबईस नोकरीला असलेला मुलगा किंवा परदेशाहून आलेली भाची तें घेऊन येते. पहिले आठ दिवस त्याचें कौतुक होतें. नवव्या दिवशीं तें मोरींत इतर भांड्यांबरोबर पडतें, त्यास राख आणि चिंच लागते, आणि महिन्याभरांत त्याची कळा जाते. आंतून काळें, बाहेरून ओरखडलेलें, आट्यांत पांढरी भुकटी साठलेली, असें तें झालें म्हणजे भांडेंच हलकें निघालें असा निकाल देऊन त्याची माळ्यावर रवानगी होते. वस्तुतः दोष भांड्याचा नसतो. पितळेला जो उपचार मानवतो तो ॲल्युमिनियमला मानवत नाहीं, एवढेंच त्याच्या बाबतींत घडलेलें असतें. भांडें कुरूप झालें तर तें फार मोठें नुकसान नाहीं; परंतु या भांड्यांत वाफ कोंडलेली असते, आणि कोंडलेल्या वाफेशीं निष्काळजीपणा चालत नाहीं. म्हणून त्याची रचना आणि त्याचा स्वभाव थोडा समजून घेणें इष्ट आहे.

हें पात्र जन्मानें इटालियन. ॲल्युमिनियमच्या ओतीव वस्तू करणाऱ्या आल्फोन्सो बिआलेत्ती या कारखानदारानें उत्तर इटलींतील क्रुसिनालो या गांवीं १९३३ सालीं तें तयार केलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या मुलानें जाहिरातीच्या जोरावर तें इटलींत घरोघर पोंचविलें. मोका हें नांव मात्र इटलीचें नाहीं. तें येमेनमधील मोखा या बंदराचें. कॉफीच्या जुन्या व्यापाराचें तें मोठें ठाणें होतें. रोह्याच्या कांठानें वाहणारी कुंडलिका ज्या ठिकाणीं समुद्रास मिळते त्या चौल-रेवदंड्याच्या बंदरांतून गलबतें एके काळीं अरबस्तानाकडे जात-येत. तेव्हां या किनाऱ्याला त्या मुलुखाची ओळख अगदींच नवी नव्हे. आणि ॲल्युमिनियम तर आपल्याकडे शतकाहून अधिक काळ नांदत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं ॲल्युमिनियमचीं भांडीं घडविण्याचा उद्योग सुरू केला. पुढें तीं भांडीं खेडोपाडीं पसरलीं आणि मराठी घरांत त्यांना ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ असें नांव पडलें. मोका हें त्याच जर्मनचें, पण जाड ओतीव भांडें.

या भांड्याचे मुख्य भाग तीन. खालीं पाण्याचें भांडें. त्याच्या कुशीला एक लहानशी झडप, जिला बाजारांत व्हॉल्व्ह म्हणतात. त्यांत वरून एक नरसाळें बसतें. नरसाळ्याच्या पसरट तोंडांत कॉफीची पूड राहते आणि त्याचा दांडा पाण्यांत बुडतो. सर्वांत वर तयार कॉफी जमण्याचें भांडें, त्याच्या मध्यभागीं एक पोकळ नळी, तळाशीं बारीक छिद्रांची चाळणी आणि चाळणीभोंवतीं रबराची रिंग. वरचें भांडें खालच्यावर आट्यांनीं घट्ट बसवितात. शेगडीवर ठेवलें म्हणजे पाण्यावर कोंडलेली हवा आणि वाफ फुगते, ती पाण्याला खालीं दाबते, आणि जाण्यास दुसरी वाट नसल्यानें पाणी नरसाळ्याच्या दांड्यांतून पुडींत शिरून वर चढतें. हा दाब घरच्या कुकरच्या दाबाच्या आसपासचा असतो. पण कुकर आणि मोका यांत एक मोठा फरक आहे. कुकरची शिटी ऐकूं येते, वजन उचललें जातें, दाबाची वार्ता घरभर समजते. मोका मुकाट असतो. त्याची चाळणी किंवा पूड चोंदली तर आंतला दाब निमूटपणें वाढत राहतो, आणि मग वाफेला वाट देण्यास त्या चिमुकल्या झडपेशिवाय कोणी उरत नाहीं.

म्हणून पाणी नेहमीं झडपेच्या खालींच राहील इतकें घालावें. झडप पाण्यांत बुडाली तर तींतून वाफेऐवजीं उकळतें पाणी उडतें. पूड नरसाळ्यांत सैल भरावी, बोटानें वा चमच्यानें ठासूं नये. दाक्षिणात्य पद्धतीच्या फिल्टरसाठीं विकतात ती चिकोरी मिसळलेली बारीक पूड या भांड्यास सोसत नाहीं; चिकोरी पाणी धरून ठेवते आणि वाट अडते. येथें मराठी घरांतील कॉफीविषयीं एक सूचना करणें प्राप्त आहे. आपली कॉफी म्हणजे दुधांत उकळलेली, भरपूर साखरेची आणि वर जायफळ किसलेली. पाहुण्यांसाठीं आणि उपासाला ती व्हावी तशीच व्हावी, तिला नांव ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र त्या संवयीनें कोणी मोक्यांत पाण्याऐवजीं दूध ओततें, कोणी पुडींत साखर व जायफळ कालवितें. दूध तळाला करपतें, झडपेच्या आंत शिरून तेथेंच सुकतें, आणि पुढच्या खेपेस ती झडप उघडेलच याचा भरंवसा राहत नाहीं. दूध वेगळें तापवावें आणि जायफळ पेल्यांत किसावें.

आतां घासण्याचा प्रश्न. ॲल्युमिनियमला हवा लागतांच त्याच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचा एक पडदा तयार होतो. तो इतका पातळ असतो कीं एका मिलिमीटरचे दोन-तीन लाख भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी त्याची जाडी भरेल. तरीहि या पडद्यामुळेंच ॲल्युमिनियम टिकतें. तो नसता तर साध्या पाण्यानेंहि त्याचा फडशा पाडला असता. हा पडदा आम्ल आणि अल्कली या दोघांनाहि शरण जातो, आणि येथेंच आपली जुनी विद्या फसते. पितळेवर किंवा तांब्यावर चिंच फिरविली म्हणजे चिंचेंतलें आम्ल वरचा काळा-हिरवा थर विरघळवितें आणि खालच्या धातूला फारसें शिवत नाहीं. म्हणून तीं भांडीं उजळतात. ॲल्युमिनियमवर तेंच आम्ल वरचा पडदा काढून खालच्या धातूलाहि खाऊं लागतें. राखेची गोष्ट त्याहून वाईट. लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट असतें. ओल्या हातानें ती चोळली कीं अल्कली तयार होते, आणि अल्कली तर ॲल्युमिनियमचा उघड वैरी आहे. धुण्याचा सोडा आणि भांडीं धुण्याच्या यंत्रांत घालावयाची पूड हीं त्याच कुळांतलीं. यंत्रांतून निघालेला मोका राखाडी-काळा पडतो तो याचमुळें. तुसाच्या राखेचा प्रकार आणखी निराळा. तींत सिलिका, म्हणजे वाळूचें द्रव्य, बहुतांशीं भरलेलें असतें. पितळी घागरीला ती चालते, कारण घागर जाड आणि तिचा ओरखडा दिसत नाहीं. मोक्याचे आटे आणि रिंग बसण्याची कड मात्र तिनें झिजते, आणि कड झिजली म्हणजे वाफ कमरेंतून फुसफुसूं लागते.

आंतला काळेपणा पाहून पुष्कळ गृहिणी घाबरतात. पाणी उकळून उकळून ॲल्युमिनियमवर जो काळसर थर येतो तो त्या ऑक्साइडचाच जाड झालेला प्रकार आहे आणि त्यानें अपाय होत नाहीं. तो खरवडून काढण्याचा आग्रह मात्र भांड्याला बाधतो. ॲल्युमिनियम पोटांत जाण्याविषयींहि लोकांत भीति आहे. जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनें २०११ सालीं शरीराच्या दर किलो वजनामागें आठवड्याला २ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास १२० मिलिग्रॅम. रोजच्या कॉफींतून जाणारा अंश त्या मानानें अल्प असतो. भांडें नवें असतां, किंवा कोणी तें कडक घासून टाकलें असतां, पहिल्या दोन-तीन खेपांची कॉफी ओतून द्यावी, एवढी दक्षता पुरे.

घासण्याइतकेंच महत्त्व पाण्याला आहे, आणि या बाबतींत पेण आणि रोहा हीं एकाच जिल्ह्यांतलीं गांवें असूनहि त्यांची कथा वेगळी आहे. पेणच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीलगत खारेपाट पसरला आहे. तेथें मिठागरें, खाजणें आणि बांध घालून राखलेलीं शेतें. तेथील विहिरींच्या पाण्याला खाडीची चव येते, आणि गोड्या पाण्याची वाण त्या गांवांनीं वर्षानुवर्षें सोसली आहे. हेटवणें धरणाचें पाणी ज्या घरीं नळानें पोंचतें तेथें प्रश्न नाहीं. पण नळ कोरडा पडला कीं विहिरीचें किंवा सांठवणीचें मचूळ पाणी वापरण्याची पाळी येते. माणसाला तें पाणी बेचव लागतें, मोक्याला तें पोंखरतें. मिठांतलें क्लोराइड ऑक्साइडच्या पडद्याला ठिकठिकाणीं भेदतें आणि त्या जागीं सुईच्या टोंकाएवढे खड्डे पडूं लागतात. खड्ड्याच्या तोंडाशीं पांढरी भुकटी जमते.

त्यांतहि झडपेच्या भोंवतालची जागा सर्वांत आधीं बिघडते, आणि त्याचें कारण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. भांडें ॲल्युमिनियमचें आणि झडप बहुधा पितळेची. इटलीच्याच व्होल्टानें १८०० सालीं दाखवून दिलें होतें कीं दोन भिन्न धातू खारट पाण्याच्या संगतींत ठेवल्या तर त्यांच्यांत वीज खेळूं लागते. मोक्याच्या कुशींत नेमका तोच घट नकळत तयार होतो. अशा जोडींत झिजतें तें ॲल्युमिनियम, पितळ नव्हे. झडपेभोंवतीं पांढरें कडें दिसूं लागलें, तर पाणी खारें आहे हें भांड्यानें सांगितलें असें समजावें.

रोह्याच्या कुंडलिकेची स्थिति याहून सुखाची आहे. मुळशीच्या जलाशयांत अडविलेलें सह्याद्रीच्या माथ्यावरचें पावसाचें पाणी भिरा येथील वीजघरांतून १९२७ पासून कोंकणांत उतरतें आणि पुढें कुंडलिकेला मिळतें. पावसाच्या पाण्यांत क्षार थोडे. मात्र नवीन इमारतींतून विंधनविहिरींचें पाणी वापरतात तेथें चुन्याचा अंश असतो, आणि मोक्याच्या तळाशीं व झडपेच्या तोंडाशीं तो दगडासारखा जमतो. खारें पाणी भांडें पोंखरतें, जड पाणी त्याच्या वाटा बुजवितें.

आपल्या घरचें पाणी कोणत्या जातीचें हें ओळखण्यास प्रयोगशाळा नको. स्टीलच्या वाटींत थोडें पाणी मंद आंचेवर आटवून पाहावें. वाटींत खरखरीत पांढरा खवला उरला आणि लिंबाचा थेंब टाकतांच तो फसफसला तर तो चुना. खवला फसफसला नाहीं, आणि पाणी जिभेवर खारट लागत असेल, तर तें मीठ. चुन्याचें पाणी आधीं उकळून निवळूं द्यावें आणि वरचें तेवढें घ्यावें; पुष्कळसा चुना खालीं बसतो. मीठ मात्र उकळून जात नाहीं, उलट पाणी आटेल तसें दाटतें. खारेपाटांतील घरांनीं मोक्यासाठीं पिण्याचें गोडें पाणीच घ्यावें. दोन पेल्यांपुरतेंच तर तें लागतें.

रोजची निगा अगदीं साधी आहे. कॉफी ओतून झाल्यावर भांडें पूर्ण निवूं द्यावें. गरम असतां तें उघडण्याची घाई कधींहि करूं नये. आंत दाब शिल्लक असला तर हात भाजतो. निवाल्यावर आटे सोडवावे, नरसाळ्यांतला चोथा कुंडीच्या मातींत घालावा, आणि तिन्ही भाग कोमट पाण्यानें धुवावे. चोळण्यास मऊ फडकें किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी घ्यावी. कोंकणांत परसांतल्या वेलावर ती फुकट मिळते आणि या कामास तिच्यासारखी दुसरी वस्तु नाहीं. तारेची घासणी वर्ज्य. नारळाची शेंडीहि शक्यतों नको.

साबण लावावा कीं न लावावा यावर इटलींत दोन पक्ष आहेत. साबणानें चव बिघडते आणि आंतला कॉफीचा थर तसाच राखावा, असें जुन्या वळणाच्या घरांत मानतात. या मतांत सत्यांश आहे, पण तें मत थंड देशांत जन्मलें आहे. कॉफींत तेल असतें, आणि कोंकणच्या उकाड्यांत तेलाचें काय होतें हें खवट खोबऱ्याचा वास घेतलेल्या माणसाला सांगावयास नको. रोज कोमट पाणी पुरतें. आठवड्यांतून एकदां भांडीं घासण्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब लावून पुष्कळ पाण्यानें खळबळून काढावें. त्यानें चव बिघडत नाहीं, सुधारते.

चुन्याचा थर जमला असल्यास पाण्याच्या भांड्यांत नेहमीएवढें पाणी घेऊन त्यांत लहान चमचाभर लिंबूसत्त्व घालावें आणि कॉफीवांचून मोका मंद आंचेवर चालवावा. वर आलेलें पाणी फेंकून द्यावें, मग नुसत्या पाण्याच्या दोन खेपा काढाव्या. चिंच वाईट तर लिंबू चांगलें कसें, असा प्रश्न येथें निघेल. भेद मात्रेचा आणि वेळेचा आहे. पातळ आम्ल आधीं चुन्याशीं झगडतें आणि तें पांच-सात मिनिटांत ओतून टाकावयाचें असतें. तेंच रात्रभर भिजत ठेवलें तर चुना संपल्यावर तें धातूकडे वळेल. हा उपचार दोन महिन्यांतून एकदां पुरे. थर नसेल तर करूंच नये.

रिंग, चाळणी आणि झडप यांची तपासणी महिन्यांतून एकदां करावी. रिंग मऊ असावी. ती कडक, तपकिरी किंवा चिरलेली झाली कीं बदलावी. तिच्याखालची चाळणी काढून उजेडासमोर धरावी. प्रत्येक छिद्रांतून उजेड दिसला पाहिजे, न दिसल्यास ब्रशानें साफ करावें. झडपेच्या मधोमध एक बारीक दांडी किंवा गोळी असते. बोटानें किंवा लांकडी काडीनें हलकेंच दाबली असतां ती हलून परत जागेवर आली पाहिजे. ती अडकली असेल तर लिंबूसत्त्वाचा उपचार करून पुन्हां पाहावें; तरीहि न हलल्यास तें भांडें शेगडीवर चढवूं नये, मग तें कितीहि महागाचें असो. झडपेंतून वाफ गळते म्हणून तिच्यावर लांबी, मेण किंवा चिंधी लावून ती बंद करणारी माणसें आहेत. तो उपाय घरांतील माणसांच्या जिवावर बेतणारा आहे. झडप गळत असेल तर चोंदलेली वाट आंत कोठेंतरी आहे असें समजून ती शोधावी. कल्हईवाल्याकडेहि हें भांडें देऊं नये. तांब्या-पितळेवर त्याचा हात कितीहि बसलेला असला तरी ॲल्युमिनियमवर कथील त्याच्या रीतीनें धरत नाहीं.

स्टीलचा मोका मिळतो, त्याला राखेचें आणि यंत्राचें भय नाहीं. खाऱ्या पाण्याचें थोडें आहे, आणि झडपेची तपासणी त्यालाहि चुकत नाहीं.

राहतां राहिला पावसाळा. जूनपासून चार महिने पेण-रोह्याकडे भिंतींनाहि ओल सुटते. धुतलेला मोका लागलीच आटे घट्ट करून ठेवला तर आंत कोंडलेल्या ओलीनें आठ दिवसांत बुरशी धरते आणि आट्यांत भुकटी बसून तो पुढें उघडेनासा होतो. म्हणून तिन्ही भाग कोरड्या फडक्यानें पुसावे, शेगडीजवळच्या उबेला तासभर सुकवावे आणि फळीवर सुटेच मांडावे. घर बंद करून मुंबईस किंवा पुण्यास जावयाचें असेल तर रिंग काढून वेगळी कागदांत गुंडाळावी. परत आल्यावर प्रथम झडप हलवून पाहावी, मग नुसत्या पाण्याची एक खेप काढावी आणि ती मोरींत ओतावी. कॉफी त्यानंतर करावी.